पणजोबांच्या कपाटातला लेडबीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा मुंबईतले थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांमागे एकच गूढ सत्य आहे असं मानणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे. दादरचं जुनं घर रिकामं करताना त्यांच्या कपाटात सी. डब्ल्यू. लेडबीटर नावाच्या इंग्रजाची सहा-सात पुस्तकं निघाली. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, काही ठिकाणी तारखासुद्धा. तुम्ही माहिती काढायला गेलात, तर एकीकडे तो दिव्यदृष्टीचा ऋषी निघाला आणि दुसरीकडे मुलांचा गैरफायदा घेणारा भोंदू. मग तो खरा कोण, पणजोबा फसले होते का, आणि पुस्तकं ठेवायची की रद्दीत घालायची?

मी थिऑसॉफिस्ट नाही आणि इतिहासाची प्राध्यापकही नाही. तीस वर्षं पुण्यात वकिली करते, त्यातली बहुतेक मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत गेली. लेडबीटर मला भेटला तो कायद्याच्या पुस्तकात. ‘ॲनी बेझंट विरुद्ध नारायणय्या’ हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा, १९१४चा निकाल पालकत्वाच्या कायद्यात अजून शिकवतात. पक्षकार थिऑसॉफिस्टांच्या पुढारी बेझंटबाई आणि दोन मुलांचे वडील. पण भांडण ज्याच्यावरून पेटलं, तो माणूस दाव्याच्या नावात नाहीच. वकिलाला अशा तिसऱ्या माणसाची उत्सुकता असते. मी त्याच्यामागे लागले आणि मग बरीच वर्षं वाचत राहिले.

कोर्टात आम्ही आधी मुद्दे काढतो. ‘महात्मा की भोंदू’ हा मुद्दा होऊच शकत नाही, कारण चार वेगळे प्रश्न एका पोत्यात कोंबलेत. स्वतःबद्दल त्याने जे सांगितलं ते खरं होतं का? त्याला जे दिसतं असं तो म्हणे, ते दिसायचं का? मुलांशी तो कसा वागला? आणि त्याच्या हातून काही चांगलं झालं का? पहिल्याचं उत्तर कागदावर आहे. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही मुळात काय मानता यावर अवलंबून आहे. तिथे मी माझं मत देईन, ते तुम्ही घेतलंच पाहिजे असं नाही. तिसऱ्यात काही गोष्टी त्याने स्वतः कबूल केलेल्या आहेत आणि काही नुसत्या आरोपात आहेत. या दोन्हींची सरमिसळ झाली की तुमच्यासारखा माणूस गोंधळतो. चौथ्याचं उत्तर ‘हो’ आहे, आणि त्या ‘हो’ने आधीचं काही पुसलं जात नाही.

जन्मतारखेपासून सुरुवात करते, आमची सवयच ती. ताब्याच्या दाव्यात मूल किती वर्षांचं यावर अर्धं काम ठरतं आणि तारखेचे तीन-तीन कागद पुढे येतात. आपल्याकडे तर अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. म्हणून कागद कोणता यापेक्षा तो कधी झाला आणि कुणी केला, हे मी आधी बघते. भांडण उभं राहण्याआधी, कुणाचा काही स्वार्थ नसताना झालेली नोंद सगळ्यात वजनदार.

लेडबीटर सांगायचा, माझा जन्म १७ फेब्रुवारी १८४७चा. थिऑसॉफिस्ट १७ फेब्रुवारीला ‘अड्यार दिन’ पाळतात (अड्यार म्हणजे मद्रासजवळचं त्यांचं मुख्यालय). त्या दिवशी सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट गेले, आणि लेडबीटरचा वाढदिवसही त्यातच मोजला जायचा. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावच्या नोंदीत मात्र त्याचा जन्म १६ फेब्रुवारी १८५४चा आहे. सात वर्षांना एक दिवस कमी, एवढा फरक. मास्तरांची चूक असती तर मी सोडून दिली असती. इथे जाणत्या माणसाने स्वतःच स्वतःचं वय वाढवून घेतलंय. लोक वय चोरतात ते कमी करायला, हा उलटा निघाला. १८४७ हे बेझंटबाईंचं जन्मवर्ष. जिच्याबरोबर गुरुबंधू म्हणून वावरायचं, तिच्यापेक्षा आपण लहान दिसू नये, असं त्याला वाटलं असावं. हा माझा अंदाज, याला पुरावा नाही.

वडील रेल्वेतली बडी असामी, लहानपणी सगळं कुटुंब ब्राझीलला गेलं, तिथे बंडखोरांनी गेराल्ड नावाच्या भावाला ठार मारलं, अशीही एक रोमहर्षक कथा तो सांगे. नोंदी काय म्हणतात? वडील रेल्वेच्या कंत्राटदाराकडे कारकून. १८६१मध्ये बिऱ्हाड लंडनमध्ये. १८६२मध्ये वडील क्षयाने वारले, तेव्हा हा आठ वर्षांचा. गेराल्ड नावाचा भाऊ कुठल्याच नोंदीत नाही. हे सगळं ग्रेगरी टिलेट या अभ्यासकाने खणून काढलं आणि १९८२मध्ये चरित्र लिहून पुढे मांडलं. आता थिऑसॉफिस्टांच्या लिखाणातही १८५४ हे साल दिसतं.

म्हणजे पहिल्या मुद्द्यावर निकाल त्याच्या विरुद्ध. पण घाई नको. साक्षीदार एका गोष्टीत खोटा ठरला म्हणजे सगळ्यातच खोटा, हे तत्त्व आपली न्यायालयं मानत नाहीत. साक्ष सुपात घ्यायची आणि पाखडायची.

पाखडल्यावर जे उरतं त्यात एक गरीब, कष्टाळू, हुशार मुलगा आहे. विधवा आई, बँकेतली कारकुनी, मग नात्यातल्या एका पाद्रीसाहेबांच्या आधाराने १८७९मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू. हॅम्पशायरमधल्या ब्रॅमशॉट गावात तो साधा सहायक पाद्री होता. मुलांचा क्लब चालवायचा, भुताखेतांच्या गोष्टी गोळा करायचा. १८८३मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला आणि पुढच्याच वर्षी, हिमालयातल्या म्हणवणाऱ्या एका ‘महात्म्या’चं पत्र आलं म्हणून, चार-पाच दिवसांत गाशा गुंडाळून सोसायटीच्या दुसऱ्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्कींच्या मागोमाग हिंदुस्थानच्या वाटेला लागला. वाटेत कोलंबोला त्याने पंचशील घेऊन बौद्ध धर्म स्वीकारला. चर्चच्या पाद्रीने हे उघडपणे करणं त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

तुमच्या पणजोबांच्या मुंबईशी याचा धागा आहे, पण तो लेडबीटरच्या आधीचा. १८७९ ते १८८२ सोसायटीचं मुख्यालय मुंबईतच होतं, आधी गिरगावात आणि मग ब्रीच कँडीला. लेडबीटर आला तोवर ते मद्रासजवळ अड्यारला गेलं होतं.

चौथा मुद्दा इथेच उरकते. १८८६पासून तीन वर्षं तो सिलोनमध्ये राहिला. पैसे नाहीत, खायची आबाळ, आणि काम काय, तर मिशनऱ्यांच्या शाळांना पर्याय म्हणून बौद्ध मुलांसाठी शाळा उभी करायची. कोलंबोत त्याने सुरू केलेली इंग्रजी शाळा पुढे आनंद कॉलेज झाली. ती आजही श्रीलंकेतल्या नावाजलेल्या शाळांपैकी आहे. हे खरं काम आहे आणि त्याच्या नावावर जमा करायला हवं.

आता दिव्यदृष्टी. १८९५च्या सुमारास तो आणि बेझंटबाई मिळून ‘सूक्ष्म’ संशोधनाला लागले. नुसतं बघून मूलद्रव्यांच्या अणूंची रचना सांगायची. त्यांनी मूळ कणाला संस्कृतातलाच ‘अणू’ हा शब्द वापरला. पुढे माणसांभोवतीची रंगीत तेजोवलयं, विचारांचे आकार, मेल्यानंतरचं जग, गेलेले जन्म. चित्रकार कॅंडिन्स्कीसारख्या माणसावर त्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांचा परिणाम झाला, म्हणजे कल्पनाशक्ती सामान्य नव्हती.

मी अशा साक्षीदाराला एकच गोष्ट विचारेन: जे नंतर कुणालाही तपासता आलं, असं काय सांगितलंत? त्याने मंगळावरच्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलंय, कालव्यांसकट. त्या वर्षांत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेलमुळे मंगळावरचे कालवे हा घरोघरी गप्पांचा विषय होता. पुढे अंतराळयानं मंगळावर गेली, कालवे नव्हते. त्याला काही दिसत नसे आणि तो निव्वळ थापा मारे, असं मला वाटत नाही. काहीतरी दिसत असावं. पण जे दिसे ते आदल्या महिन्यात वाचलेलं असे. स्वप्नात आपल्याला दिसतं तसं. तुमचं मत वेगळं असू शकतं. तुमच्या पणजोबांचं नक्कीच होतं.

एक गंमत सांगते, कारण ती आजच्या योगवर्गांपर्यंत पोचलीय. १९२७मध्ये त्याचं चक्रांवरचं पुस्तक आलं. चाकांसारखी फिरणारी, पाकळ्यांची रंगीत चक्रं. आज भिंतीवर जी पोस्टरं दिसतात, त्यांच्या खानदानात हे पुस्तक आहे. त्यात त्याने आपल्या परंपरेतलं स्वाधिष्ठान बाजूला ठेवून तिथे प्लीहेचं चक्र आणलं. कारण तो भाग जननेंद्रियांजवळचा आणि त्याला तो धोक्याचा वाटे. म्हणजे ‘पाहिलेल्या’ गोष्टीतही त्याची स्वतःची भीती डोकावते. आपल्याकडची मंडळी मात्र ते परत आयात करून ‘प्राचीन’ म्हणून विकतात.

तिसरा मुद्दा मोठा आहे आणि तो सावकाश घ्यायला हवा.

१९०६च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या थिऑसॉफिस्ट पालकांनी तक्रार केली. त्यांची मुलं लेडबीटरबरोबर प्रवासाला, शिकायला ठेवलेली होती. त्याने आईबापांना अंधारात ठेवून मुलांना लैंगिक सवयींबद्दल सल्ला दिला, ही मुख्य तक्रार. मेमध्ये लंडनच्या ग्रोव्हनर हॉटेलात ऑल्कॉटनी समिती बसवली. तिथे लेडबीटरने सल्ला दिल्याचं मान्य केलं. मुलं याहून वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून दिला, असं कारण सांगितलं. त्याने राजीनामा दिला आणि तो घेतला गेला.

इथे वकील म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सल्ला दिला, ही कबुली आहे, आणि माणूस स्वतःच्या अंगाशी येणारं कबूल करतो तेव्हा त्याला वजन असतं. त्यापलीकडचे, प्रत्यक्ष कृत्यांचे आरोप तेव्हाही झाले आणि नंतर मद्रास, सिडनीतही झाले, पण कुठल्याही न्यायालयात ते सिद्ध झाले नाहीत. आता ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘झालं नाही’ असा काढू नका. माझ्या कारकिर्दीत असे कितीतरी दावे मी पाहिलेत. साक्षीला मूल असतं, मोठी माणसं अब्रूला भितात, संस्था दार लावून घेते आणि कागदावर काही उरत नाही. उलट, नुसत्या आरोपांच्या संख्येवरून शिक्षा सुनावणंही मी करणार नाही. मला जे पुरेसं वाटतं ते कबुलीतच आहे. दुसऱ्याच्या मुलाशी, त्याच्या आईबापांच्या पाठीमागे, अशा विषयावर गुप्त नातं जोडणं. आज माझ्यापुढे हे आलं तर बाकी काही सिद्ध करायची मला गरज पडणार नाही. त्या माणसाच्या ताब्यात मूल देऊ नका, एवढंच मी मागेन.

१९०७मध्ये ऑल्कॉट गेले, बेझंटबाई अध्यक्ष झाल्या आणि वर्ष-दीड वर्षात लेडबीटर परत आत आला. यावर इंग्लंडमधले जी. आर. एस. मीड यांच्यासारखे जुने सभासद सोडून गेले. फेब्रुवारी १९०९मध्ये तो अड्यारला पोचला आणि वसंतात ती प्रसिद्ध गोष्ट घडली. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर त्याला एक मुलगा दिसला. त्याच्या तेजोवलयात स्वार्थाचा कणही नाही, असं त्याने आपल्या सहायकाला, अर्नेस्ट वुडला, सांगितलं. वुड चकित झाला, कारण त्या मुलाला तो अभ्यासात मदत करी आणि त्याला तो मठ्ठ वाटे. मुलगा चौदा वर्षांचा, हडकुळा, तोंड उघडं टाकून कुठेतरी बघत राहणारा. तो जिद्दू कृष्णमूर्ती, पुढे जगभर गाजलेले तत्त्वचिंतक. भावी जगद्गुरू याच्याच रूपाने येणार, असं सोसायटीत मग ठरलं.

ही हकीकत वुडने नंतर सांगितली, म्हणून माझ्याच नियमाने तिचं वजन थोडं कमी. पण बेझंटबाई त्या वर्षी बराच काळ बाहेर होत्या आणि लेडबीटर त्यांना पत्रं लिहीत होता. या मुलात त्याने काहीतरी मोठं पाहिलं, हे त्या पत्रांतून त्याच वेळी कागदावर आलेलं आहे. ते मागाहून रचलेलं नाही.

लेडबीटरचे समर्थक इथे आपला हुकमाचा पत्ता टाकतात: बघा, लाखांत एक मुलगा ओळखला! पत्ता चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण फसलेले नेमही मोजा. याच्या आधी शिकागोच्या एका थिऑसॉफिस्ट डॉक्टरांचा मुलगा याच जगद्गुरूच्या जागेसाठी निवडला गेला होता. तो आईबरोबर अड्यारला येऊन पोचला तेव्हा त्याची जागा गेलेली होती. त्या मुलाची गोष्ट कुणी हुकमाच्या पत्त्यात सांगत नाही. शिवाय कृष्णमूर्ती पुढे जे झाले, ते लेडबीटरने सांगितलेलं नाकारूनच झाले.

त्या मुलाच्या बाजूने बघा जरा. आई १९०५मध्ये गेलेली. वडील नारायणय्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले, जुने थिऑसॉफिस्ट. चार मुलं घेऊन अड्यारच्या आवाराबाहेर पडक्या घरात राहत होते. शाळेत कृष्णाला जवळजवळ रोज छड्या. लेडबीटरने छड्यांचं निमित्त करून त्याला आणि धाकट्या नित्यानंदला शाळेतून काढलं. मग आंघोळ, चांगलं खाणं, सायकल, टेनिस, इंग्रजी. मुलं अंगाने भरली, हे खोटं नाही. आणि तोंड उघडं ठेवतो म्हणून एकदा त्याच लेडबीटरने कृष्णाच्या हनुवटीखाली फटका मारला. कृष्णमूर्तींच्या मनात तो आयुष्यभर राहिला. ताब्याच्या दाव्यातलं घर असंच असतं, नुसतं काळं किंवा पांढरं मला कधी दिसलेलं नाही.

जानेवारी १९१०मध्ये बंद खोलीत दोन रात्री ‘दीक्षा’ झाली. पाठोपाठ मासिकातून कृष्णाचे मागचे तीस जन्म क्रमशः छापून येऊ लागले, इसवी सनापूर्वी २२६६२पासून. कृष्णाला त्यात ‘अल्सिओनी’ नाव होतं, म्हणजे कृत्तिकांमधला सगळ्यात तेजस्वी तारा. लेडबीटर स्वतः व्याध. सोसायटीतल्या बाकीच्यांनाही तारे वाटलेले होते, आणि कुणाच्या जन्मात आपण कोण होतो यावरून रुसवेफुगवे चालायचे. लग्नाच्या पंगतीत मान कुणाला यावरून चालतात तसे. सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख रुडॉल्फ स्टायनर याच प्रकरणावरून फुटून निघाले.

६ मार्च १९१०ला नारायणय्यांनी पत्र लिहून दोन्ही मुलांचं पालकत्व बेझंटबाईंना दिलं. बापाने असं का केलं? गरिबी, श्रद्धा आणि अड्यारचं छत्र, तिन्ही. हे पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या ऑफिसातले बाप येतात. ‘मॅडम, तेव्हा सही केली, पण मुलगा कायमचा दिला असं नव्हतं हो.’ लवकरच त्यांचं मन फिरलं. लेडबीटरला मुलांपासून दूर ठेवा, ही त्यांची मागणी होती. १९१२मध्ये बेझंटबाई मुलांना युरोपला घेऊन गेल्या आणि सिसिलीतल्या ताओर्मिनाला मुलं लेडबीटरच्याच सहवासात राहिली. त्याच वर्षी बापाने चिंगलपेटच्या कोर्टात दावा लावला, तो पुढे मद्रास हायकोर्टात गेला. बापाच्या बाजूने सी. पी. रामस्वामी अय्यर, तर बेझंटबाई स्वतःच स्वतःच्या वकील. कोर्टात त्या फार चांगल्या लढल्या, हे विरोधकही मान्य करत.

एप्रिल १९१३मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांचा निकाल आला, आणि तो तुम्ही नीट समजून घ्या, कारण दोन्ही बाजू त्यातलं अर्धंच सांगतात. प्रत्यक्ष गैरकृत्याचा आरोप सिद्ध झाला नाही. बापाची त्याबाबतची साक्ष न्यायाधीशांना भरवशाची वाटली नाही. पण लेडबीटरने साक्षीत आपली जी मतं सांगितली, ती अनैतिक आहेत आणि असा माणूस मुलांचा शिक्षक असायला लायक नाही, असंही त्यांनी नोंदवलं. मुलं बापाला परत द्या, असा हुकूम झाला. अपिलातही तो टिकला.

मे १९१४मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो उलटवला. लेडबीटर स्वच्छ ठरला म्हणून नव्हे, तो प्रश्नच तिथे नव्हता. बापाने दिलेलं पालकत्व बाप परत घेऊ शकतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलं. आपल्याकडे हा निकाल मुख्यतः यासाठीच उद्धृत होतो. पण मुलं इंग्लंडात राहत होती, चिंगलपेटच्या कोर्टाला अधिकार नव्हता, आणि मुलांना दाव्यात कुणी प्रतिनिधी नव्हता. त्यांची इच्छा काय, त्यांचं हित कशात, हे न बघता एवढ्या मोठ्या मुलांना उचलून परत आणा असा हुकूम करता येत नाही.

चार वर्षांत दीक्षा झाली, जन्म छापले गेले, करार झाला, दावा झाला, अपील झालं. पोराला काय हवं, हे निकालपत्रात आलं ते थेट लंडनमध्ये. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यात ते कलम तेव्हाही होतं: समजण्याच्या वयाचं मूल असेल तर त्याचं म्हणणं विचारात घ्यावं. आज कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, बिस्किट देतात, बोलतं करतात.

पण चेंबरमधल्या उत्तरालाही मी पूर्ण विश्वासाने घेत नाही. माझ्या एका दाव्यात नऊ वर्षांची मुलगी न्यायाधीशांना म्हणाली, ‘माझा सर्वांगीण विकास आईकडेच होईल.’ ते वाक्य आईच्या शपथपत्रातलं होतं, आणि शपथपत्र मीच लिहिलं होतं. कृष्णा आणि नित्या तीन-चार वर्षं एका घराच्या भाषेत वाढले होते. ते त्या घराच्या बाजूनेच बोलणार होते. त्यामुळे प्रिव्ही कौन्सिलला मुलांचं खरं उत्तर मिळालं असं मी मानत नाही.

ते मिळायला आणखी पंधरा वर्षं लागली. मधला काळ भराभर सांगते. लेडबीटर १९१५च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीला गेला. तिथे लिबरल कॅथॉलिक चर्चचा बिशप झाला, मोठ्या बंगल्यात मुलामुलींच्या घोळक्यात राहू लागला. जगद्गुरूच्या स्वागतासाठी बालमोरलच्या किनाऱ्यावर प्रेक्षागार बांधलं गेलं. पोलीस चौकशीही झाली, खटला उभा राहिला नाही. नोव्हेंबर १९२५मध्ये नित्यानंद कॅलिफोर्नियात क्षयाने गेला. महात्म्यांना त्याची गरज आहे, तो वाचणारच, असं कृष्णमूर्तींना सांगितलं गेलं होतं. आणि ३ ऑगस्ट १९२९ला हॉलंडमधल्या ओमेनच्या शिबिरात, बेझंटबाई समोर बसलेल्या असताना, त्यांनी आपल्यासाठी उभारलेली संघटनाच विसर्जित केली. सत्याला ठरलेली वाट नसते, मला अनुयायी नकोत. देणगीतल्या जमिनी आणि पैसे ज्यांचे त्यांना परत केले. मी हे मुलाचं म्हणणं समजते. चौतिसाव्या वर्षी आलेलं, कुणाच्याही शपथपत्रात नसलेलं.

बेझंटबाई सप्टेंबर १९३३मध्ये अड्यारला वारल्या. म्हातारा लेडबीटर तेव्हा तिथे होता. सिडनीला परतताना वाटेत पर्थला, १ मार्च १९३४ रोजी तो वारला.

पणजोबा फसले का, असं तुम्ही विचारलंत. मुंबईतल्या मराठी माणसासाठी बेझंटबाई म्हणजे फक्त थिऑसॉफी नव्हे. १९१६च्या होमरूल चळवळीत टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र होता, पण मुंबई शहर बाईंच्या लीगकडे होतं. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं आणि सुटल्यावर त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. अशी बाई ज्याच्या पाठीशी उभी, त्याची पुस्तकं घरात येणारच. फसवणुकीच्या केसमध्ये मी आधी विचारते, या माणसाला त्या वेळी काय माहीत असू शकत होतं? जन्मनोंद पणजोबांना दिसणं शक्य नव्हतं. मद्रासचा निकाल मात्र वर्तमानपत्रांत गाजला होता, तो त्यांच्या कानावर आला असणार.

पुस्तकं रद्दीत घालू नका. चक्रांवरचं ठेवा, योगाची पोस्टरं कुठून आली ते मुलांना दाखवायला. ‘अल्सिओनी’च्या नावावरचं छोटं पुस्तक असेल तर तेही ठेवा. ते चौदा वर्षांच्या मुलाचं, त्याच्या शिक्षकाचं की दोघांचं, यावर अजून वाद आहे, आणि ‘हे शब्द माझे नाहीत’ असं त्या मुलानेच प्रस्तावनेत म्हटलंय. बाकीची मुंबईत फ्रेंच ब्रिजजवळच्या, सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्की लॉजला विचारून देता येतील.

पण देण्याआधी एक काम करा. पेन्सिलीच्या खुणांजवळ तारखा आहेत म्हणालात. ऑगस्ट १९२९च्या नंतरची एकतरी तारीख आहे का, ती कुठल्या पानावर आहे, आणि तिथे रेघ वाक्याच्या खाली ओढलीय की वाक्यावरून, एवढं बघून मला कळवा.